खाऱ्या हवेतल्या कॉम्प्युटरांचा ग्रुप

आमच्या ग्रुपचे किस्से सांगायला मी बसले की घरचे हळूच उठून जातात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. जुन्या वायरी एका खोक्यात टाकल्या की आपोआप एकमेकींत गुंततात, तसं या किश्शांचं होतं. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात.

ग्रुप आहे जुने कॉम्प्युटर अजूनही वापरणाऱ्यांचा. मुलुंडच्या प्रधानकाकांनी तो फोनवर सुरू केला. काका विम्याच्या ऑफिसातून रिटायर झाले, पण नियम काही सुटले नाहीत. त्यातून वेगळ्या विषयाचा नवा ग्रुप काढायचा तर आधी प्रस्ताव, मग चर्चा, मग मतदान. एक जरी 'नाही' आलं तरी प्रस्ताव बाद! आणि मत फोनवर टाइप करायचं नाही. ते आपल्या जुन्या मशीनच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे आणि त्याचा फोटो पाठवायचा.

"नुसत्या गप्पा मारणारे पुष्कळ असतात," काका म्हणतात. "मशीन ज्याच्याकडे, मत त्याचं!"

माझं मशीन घाटकोपरला, बेडरूममध्ये शिलाई मशीनच्या शेजारी असतं. ते सुरू होईपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात. एकदा मत द्यायला बसले आणि मशीन सुरू झालं तोवर मतदान संपलं होतं. काकांनी लिहिलं, "मेधा, पुढच्या वेळी आदल्या दिवशी बटण दाबत जा."

*

पहिला प्रस्ताव फ्लॉपीचा. तो मंजूर झाला. लगेच कुणीतरी म्हणालं, मोठी फ्लॉपी वेगळी, छोटी वेगळी. झाले दोन ग्रुप! मग बुरशी आलेल्या फ्लॉप्यांचा तिसरा. माणसं सगळीकडे तीच. त्यामुळे सकाळी उठलं की तेच फूल आणि तोच सुविचार प्रत्येक ग्रुपवर हजर.

वैतागून काकांनी प्रस्ताव मांडला, "शुभ सकाळसाठी स्वतंत्र ग्रुप असावा."

तो एकमताने पास झाला. त्यात आजवर कुणीही काहीही टाकलेलं नाही!

*

नावं ठरवण्याचं काम बोरिवलीच्या शुभदाताईंकडे. त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या. नाव वाचून आत काय आहे ते कळलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मी प्रिंटरच्या ग्रुपसाठी हौसेने 'करकर' नाव सुचवलं.

"मेधा, करकर तर आमचा पंखाही करतो," म्हणाल्या. "असं नाही चालत गं."

शेवटी नाव ठरलं, 'जुने प्रिंटर, फक्त रिबनवाले, कागद अडकणे वगळून'.

"अहो ताई, कागद अडकणं का वगळायचं?"

"त्याला वेगळा ग्रुप लागेल. दुसरं होतं काय तुमच्या प्रिंटरांचं?"

*

शुभदाताई गावाला गेल्या होत्या तेव्हा आम्ही एक नाव त्यांना न विचारता ठेवलं. कायमचे बंद पडलेल्या मॉनिटरांचा ग्रुप, नाव 'निरोप'. छान वाटलं होतं हो! मग काकांनी त्यावर लिहिलं, "मुलुंडचा गेला. सकाळी थोडा धूर आला आणि संपलं." खाली सगळ्यांचे हात जोडलेले.

माझा फोन नेमका नवऱ्याच्या हातात होता. त्याने तो मेसेज वाचला, कपाटातून पांढरा शर्ट काढला आणि काकांच्या घरी फोन लावला. फोन काकांनीच उचलला!

"कोण गेलं?" काका ओरडले. "मॉनिटर गेला हो! मी जेवतोय!"

शुभदाताई परत आल्या त्याच दिवशी नाव बदललं.

*

या सगळ्यात एका माणसाचा ग्रुप काही केल्या होत नव्हता. तो म्हणजे मढचा हरीश कोळी. त्याचा मासळीचा धंदा. मशीन टीव्हीला जोडून चालणारं, प्रोग्रॅम कॅसेटवर. दारातच समुद्र, त्यामुळे खाऱ्या हवेने मशीन सारखं गंजायचं. ग्रुपवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुझ्या हवेचा प्रॉब्लेम आहे रे!" मग विषय बदलायचा.

म्हणून त्याने प्रस्ताव टाकला, खाऱ्या हवेतल्या कॉम्प्युटरांसाठी ग्रुप. "मी इथे एकटाच घासत बसतो. वर्सोवा, गोराई, कुठे तरी अजून कोणी असेल ना यार?"

बाकी सगळ्यांनी 'हो' दिलं. काकांच्या स्क्रीनवर ठळक अक्षरात 'नाही'. खाली कारण, "हवा हे मशीन नाही."

*

मग मरोळला एका मित्राच्या गाळ्यात आम्ही सगळे भेटलो. हरीश मासळीचा थर्मोकोलचा बॉक्स खांद्यावर घेऊन आला. काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! स्वतः पुढे होऊन झाकण उघडलं. आत मशीन!

"अरे, आधी सांगायचंस ना," काका हिरमुसून म्हणाले. "मी घरी वाटण करायला सांगून आलोय."

"काका, या बॉक्समध्ये दमट हवा लागत नाही," हरीश म्हणाला. त्याने मशीन उघडून दाखवलं. आत तारांच्या सगळ्या जोडांवर हिरवा थर आलेला.

काकांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "मुलुंडला असं होत नाही," म्हणाले.

तिथेच पुन्हा प्रस्ताव झाला. काकांनी घरी जाऊन मशीन लावलं आणि पुन्हा 'नाही' पाठवलं. पुढे बरेच दिवस हरीश कुठल्याच ग्रुपवर दिसला नाही. मला फार वाईट वाटलं. एवढे ग्रुप आमचे, शुभ सकाळलासुद्धा एक रिकामा ठेवलेला, आणि याला कुठे जागा नाही!

*

त्यानंतर काका मुलुंड सोडून मुलीकडे वर्सोव्याला राहायला गेले. रोज समुद्राचे फोटो यायला लागले. "झकास वारा आहे. मशीन खिडकीतच ठेवलंय!" आम्ही अंगठे पाठवत राहिलो.

पावसाळा गेला. शुभदाताईंनी मला फोन केला. "हरीशचा प्रस्ताव पुन्हा टाकू या गं. या वेळी मी मांडते." हरीश म्हणाला, "राहू द्या ताई, काका नाहीच म्हणणार." तरी त्यांनी टाकला.

मतदानाच्या दिवशी सगळ्यांचे 'हो' आले. काकांचं मत येईना. सकाळ गेली, दुपार गेली. दर थोड्या वेळाने 'काका टाइप करत आहेत' दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. शुभदाताईंनी लिहिलं, "प्रधान, मुदत संपत आली."

तेव्हा कुठे फोटो आला. खिडकीतलं मशीन, वरचं झाकण काढलेलं, आत हिरवंगार. स्क्रीन काळीकुट्ट. आणि त्या काळ्या स्क्रीनवर चिकटपट्टीने लावलेला एक कागद, त्यावर काकांच्या सुरेख अक्षरात 'हो'.

खाली ओळ होती, "मत नियमाप्रमाणे मशीनच्या स्क्रीनवरच आहे."

कुणी काही बोलायच्या आत हरीशचा मेसेज आला, "काका, त्याला हात लावू नका. बॉक्स घेऊन निघालोय."