कॅम्पातला ट्रक काही निघेना

परवा एकदाचा तो ट्रक कल्याण कॅम्पातून बाहेर पडला... आणि मी सुटलो.

खरं तर मी बदलापूरहून अंबरनाथच्या कारखान्यात कामाची चौकशी करायला निघालो होतो. वाटेत कळलं, कॅम्पात फाळणीनंतर आलेले सिंधी लोक लढाईतले मोडके ट्रक दुरुस्त करतात. मग कसला कारखाना आणि कसलं काय...

तिथल्या झामनकाकांनी लिलावात घेतलेला मिलिटरी ट्रक बॅरेकीसमोर उभा होता. इंजिन चालू झालं होतं, रंग राहिला होता. काका म्हणाले, "तू रंगव, पहिल्या फेरीला क्लीनर म्हणून नाशिकला नेतो." मी कसारा घाट कधी पाहिला नव्हता. लागलो गंज खरवडायला.

पण काकांची बायको, अम्मा... हिरवा दिला तर म्हणे, "पुट, बेटा, ये तो फिर मिलिटरी का लगता है. निकालो." लाल डोळ्यांत खुपला. निळा दिला, तर ओल्या बॉनेटवर पापडांची चादरच पसरली. पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा अस्तर... हाताची सालटी निघाली. काका नुसते बिडी ओढत हसायचे.

शेवटी वैतागून मागचा भाग आतून रंगवायला चढलो. तर छताच्या लोखंडी कमानीला आरसा टांगलेला. खाली गादी, पत्र्याची ट्रंक, बांगड्या.

"अम्मा, हे कोणाचं सामान?"

अम्मा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मेरे हशू और बहू का. बैरक में बोरी का पर्दा, और हम इतने लोग... नई शादी है, पुट. ट्रक गया तो बच्चे किधर जाएंगे?"

आता यावर काय भांडणार...

काकांना म्हटलं, "छत काढून बॅरेकीच्या भिंतीला लावू. कमानी, ताडपत्री, सगळंच."

"आणि माल भिजला तर?"

"पाऊस कधीच गेला, काका."

"मागे तुलाच बसायचंय. ऊन लागेल."

"लागू दे."

काकांनी बिडी विझवली. मग उठून पाना घेऊन आले.

नाशिक करून आलो. बिनछपराच्या ट्रकात भाजून कोळसा झालो. घाटसुद्धा धड दिसला नाही, डोळ्यांत नुसती धूळ...

परतलो तर त्या ताडपत्रीखालून हशूची बायको बाहेर आली. इतके दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "भैया, घर में आओ. चाय बनाई है."

वैताग गेला असं नाही... पण वाकून आत शिरताना चपला मात्र आपोआप बाहेर काढल्या.