विमान कुणाचं

आमचे हे छोटी विमानं चालवायला शिकवायचे. दोन माणसं पुढे, फार तर दोन मागे, असली विमानं. गच्चीतून धावपट्टी दिसते म्हणून हे घर घेतलं. स्वयंपाकघरात ऊन येत नाही, हे माझं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही.

उडण्याआधी धावपट्टीच्या टोकाला थांबून सगळं मोठ्यानं बोलायचं, हा त्यांचा नेम. धावतानाच इंजिन कुरकुरलं तर ब्रेक. जमीन सोडल्यावर बंद पडलं तर नाक खाली घेऊन समोरच उतरायचं, मागे वळायचं नाही. आणि शेवटी, "काही झालं तर विमान माझं." शेजारच्या शिकाऊनं "विमान तुमचं" म्हटल्याशिवाय हे हलायचे नाहीत. विमान वळवायचा दांडा दोघांच्याही पुढे असतो; घाबरून दोघांनी ओढला तर विमान कुणाचंच राहत नाही, म्हणायचे. एकटे असले की रिकाम्या खुर्चीला सांगायचे. शिकाऊ मुलांनी त्यांना 'विमान-माझं सर' नाव पाडलं होतं. माझी नणंद तर जेवताना विचारायची, "दादा, घास अडकला तर काय करायचं, ते आज सांगितलं नाहीस?"

मग हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी विमान चालवणं बंद केलं. हे गच्चीत खुर्ची टाकून बसायला लागले. इंजिनाचा आवाज आला की हातातला चहा निवायचा. मी म्हणायची, "प्या तो, विमान काही चहाला खाली येत नाही." हसायचे, पण मान वरच.

आमची लेक त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, आता तिथेच शिकवते. एक दिवस म्हणाली, "बाबा, चला माझ्याबरोबर. आईलाही घेऊ."

"मी गाठोडं होऊन यायचं का?"

"गाठोडं मागे बसेल. तुम्ही पुढे बसा."

गाठोडं म्हणजे मी.

नाही नाही म्हणत होते, पण बूट रोज पुसून ठेवायचे. शेवटी एका सकाळी तेच बूट घालून दारात उभे.

कानांवर जाडजूड हेडफोन चढवून आम्ही तिघं बसलो. टोकाला थांबून लेकीनं सगळं त्यांच्याच शब्दांत सांगितलं, आणि म्हणाली, "काही झालं तर विमान माझं."

पुढचा पंखा फिरतोय, विमान थरथरतंय, यांचे हात मांडीवर आणि नजर दांड्यावर. मला मागून नुसती मान दिसत होती. लेकीनं घाई केली नाही. नियम त्यांचाच, उत्तराशिवाय ती हलणार नव्हती. मला वाटलं, आता "परत चल" म्हणतात.

"विमान तुझं," ते म्हणाले.

"नीट ऐकू आलं नाही, बाबा."

"तुझं म्हटलं ना. चल आता, पेट्रोल जळतंय."

वर गेल्यावर बघते तर यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले, चुकून पेडलला लागू नयेत म्हणून. आमचं घर दिसलं. गच्चीतली ती खुर्चीही दिसली, एवढीशी, रिकामी. त्यांनी मला बोटानं दाखवली.

आता लेक एकटी उडायला निघते, तेव्हा तीही शेजारच्या रिकाम्या खुर्चीला सगळं सांगते. विमान टोकाला थांबलं की इकडे गच्चीत यांचे ओठ हलतात. परवा विचारलं, "काय पुटपुटताय?"

"उत्तर देतोय," म्हणाले.

विमान पळायला लागलं तसे उठून कठड्याशी गेले. मी चहा परत गरम करायला आत नेला.