सील लावलेला आकाशपाळणा

रायपूर स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच नव्या राजधानीच्या झगमगत्या फलकांनी माझे स्वागत केले. निवृत्तीनंतर प्रथमच एकट्याने प्रवास करीत होतो. मामेबहीण वंदना चालवीत असलेले छोटे मनोरंजन उद्यान पाहावे, एवढाच हेतू होता.

उद्यान सिलतरा औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर आहे. कारखान्यांची काळी भुकटी तेथे रात्रभर उतरते. म्हणून फाटक उघडण्यापूर्वी प्रत्येक खेळण्याची बैठक ओल्या फडक्याने पुसतात. मीही दोन पुसल्या. आकाशपाळण्याला मात्र कोणी हात लावीत नव्हते. त्याच्या विजेच्या पेटीवर लाखेचे सील होते.

"तपासणीचा कागद नाही नं, दादा," वंदना म्हणाली. "नवं बेअरिंग टाकलं, अर्जावर अर्ज केले. तपासणीवाले साहेब म्हणतात, पाहून राहिलो. अन् शाळावाले म्हणतात, पाळणाच नाही तं सहल कायले आणू? मोठ्या पार्कात नेतात पोट्ट्यायले. या हंगामात सुरू नाही झाला तं फाटकाले कुलूपच."

दुपारी तिने फरा (तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके) वाढला. तेवढ्यात तेच तपासणीचे साहेब नातवंडांसह आले. तिकिटाविना, हे सांगायला नकोच.

"दीदी, बस एक राउंड. बच्चे ज़िद कर रहे हैं।"

"सील तुमचंच हाये, साहेब."

"तो मैं ही तो खुलवा रहा हूँ!"

"हव (हो), मंग आधी कागद द्या. पाळणा खराब असन तं नातवायले काहून बसवता? अन् चांगला असन तं माह्यं पोट काहून मारता?"

साहेबांचा चेहरा उतरला. "बहुत बोलने लगी हो. अब फ़ाइल आराम से देखेंगे।" आणि ते निघून गेले.

आयुष्यभर मी कार्यालयात इतरांसाठी नेमके मसुदे रचले; येथे एक वाक्य ओठांपर्यंत आले आणि परत फिरले. परतीच्या गाडीत संताप आवरेना. मोठ्या उद्यानांकडे अभियंते आहेत, जाहिराती आहेत. लहानांनी प्रामाणिकपणे दुरुस्ती करूनही कोणाच्या मर्जीची वाट पाहत गंजायचे काय?

घरी पोचताच पाहिले ते सारे साहेबांच्या वरिष्ठांना लिहिले आणि वंदनाला फोन केला. "साक्षीदार म्हणून माझे नाव घालू? तुला त्रास होईल."

"माह्यं नाव तं त्यायले पाठच हाये. तुह्यं टाक, दादा."

पत्र रजिस्टर टपालाने गेले. राग अजून गेलेला नाही. उत्तर येईपर्यंत तो जावा, अशी माझी इच्छाही नाही.