कावळा टार्टला शिवेना

हसू नका हं, आधीच सांगून ठेवते. मी एका कावळ्यापुढे हात जोडून माझं पाप कबूल केलंय. भर दिवसा, शुद्धीत, नवऱ्यासमोर, सासऱ्यांसमोर! आता यापुढे तोंड कुठे लपवायचं, तुम्हीच सांगा.

झालं असं, की आम्ही चेन्नईतलं अंबत्तूर सोडून अड्यारच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी, माझा नवरा श्री, आणि सासरे, आप्पा. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या गेल्यापासून आप्पांनी गोडाला हात लावला नव्हता. व्रतबित काही नाही. "नको वाटतं गं," एवढंच म्हणायचे. माणूस पार वाळून गेला होता हो! मला बघवत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, रविवारी त्यांच्या वाढदिवसाला छोटे छोटे टार्ट करायचे. आत नारळ-गुळाचं सारण, अगदी सासूबाई करायच्या तसं. बघतेच कसे नको म्हणतात!

पण त्या घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला होता. आल्या दिवसापासून, रोज बरोबर अकरा वाजता, स्वयंपाकघराच्या खिडकीवर टक् टक् टक्. तीनदाच. बघते तर कावळा.

कावळ्याचं काय एवढं, म्हणाल. अहो, पण तो ओरडायचाच नाही! ग्रिलवर बसून, मान वाकडी करून, नुसता बघायचा. आधी माझ्याकडे, मग गॅसवरच्या पातेल्याकडे, मग परत माझ्याकडे. आणि त्याचा डावा डोळा दुधासारखा पांढरा होता.

सासूबाईंच्या डाव्याच डोळ्यात मोतीबिंदू होता. आणि रोज अकराच्या सुमाराला त्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायच्या. एक अक्षर न बोलता.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! दहाव्याला पिंडाला कावळा चटकन शिवला होता, आई तृप्त होऊन गेल्या, असंच आम्ही धरून चाललो होतो. मग हे कोण? हुश्श हुश्श करून हाकललं, तर तो तसूभरही हलला नाही. चौथ्या दिवसापासून मी पावणेअकरालाच सगळी झाकणं काढून ठेवायला लागले. घरात कुणाला बोलले नाही. बोलणार काय, कपाळ?

रविवार उजाडला. पीठ मळलं, बारा छोट्या साच्यांत पारी बसवली. पारी फुगू नये म्हणून प्रत्येकीत थोडा कोरडा राजमा घालून आधी नुसतीच भाजायची, असं व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं. तशी भाजली. बाराही वाट्या छान खरपूस झाल्या. ट्रे ओट्यावर ठेवला आणि...

टक् टक् टक्.

त्या दिवशी तो ग्रिलच्या आत डोकं घालून बसला होता. पांढरा डोळा थेट माझ्यावर. माझे हात सारण भरत होते, पण नजर काही त्याच्यावरून हटेना. कसेबसे बाराही टार्ट भरले, परत ओव्हनमध्ये सारले आणि पळतच बाहेर आले.

"काय झालं? अशी पांढरीफटक का पडलीस?" श्रीने विचारलं.

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. श्री हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. आप्पा हळूच उठून स्वयंपाकघरात गेले आणि कावळ्याकडे बघत राहिले.

"तिचं काहीतरी राहिलंय," ते म्हणाले. "टार्ट झाले की पहिला तिला ठेव. ती शिवली, तरच मी खाईन."

झालं! आता सगळं त्या कावळ्याच्या हातात. म्हणजे चोचीत.

टार्ट निघाले. जरा निवल्यावर मी एक बशीत घालून खिडकीत ठेवला. कावळा पुढे आला. चोच मारली. टक्! दचकून मागे सरला. पुन्हा मारली. टक्! मग त्याने टार्टकडे पाठ केली. अहो, चक्क पाठ! आणि त्याच क्षणी घरातला पंखा थांबला.

"वीज गेली असेल," श्री म्हणाला. पण त्याचा आवाज चिरकला होता.

आप्पांनी हात जोडले. "अगं, मी औषधं वेळेवर घेतो. आणखी काय हवंय तुला?"

कावळा ढिम्म.

"आई, मी सिगरेट सोडतो!" श्री.

"तू सिगरेट ओढतोस?" मी किंचाळले.

"आता तो विषय नाहीये!"

कावळ्याने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, माझीच पाळी. मीही हात जोडले.

"आई, माफ करा!" मी रडायलाच लागले. "गणपतीचे उकडीचे मोदक मी कधीच केले नाहीत! टी. नगरच्या एका काकूंकडून मागवायचे. बारा वर्षं! तुम्ही कौतुक करायचात आणि मी गप्प बसायचे!"

श्रीचा आ वासला. कावळा मात्र तसाच बसलेला.

तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतून तिथल्या तमिळ मामीने (सगळे तिला मामीच म्हणतात) डोकावलं. मराठीचा गंध नाही, पण मी गळा काढलेला ऐकून आली बिचारी. तिने कावळा पाहिला, माझं रडं पाहिलं आणि म्हणाली, "काक्कावुक्कु सादम वैक्कलया?"

म्हणजे, कावळ्याला भात नाही ठेवला? मग तिने तमिळ-इंग्रजीत समजावलं. इकडे घरोघरी आपण जेवायच्या आधी कावळ्याला भाताचा घास ठेवतात. रोज! आधीच्या भाडेकरूंची जेवणं अकराला, म्हणून हा अकराला येतो. डोळा? तो तर कित्येक वर्षं तसाच आहे. म्हणजे आई हयात होत्या तेव्हापासूनचा! आणि तिने घरातून मूठभर भात आणून, हात लांबवून आमच्या खिडकीत टाकला. कावळ्याने दोन मिनिटांत फस्त केला, चोच पुसली आणि उडून गेला.

आम्ही तिघं तिथेच उभे. जीव भांड्यात पडला, पण कुणी कुणाकडे बघेना.

"मग टार्टला का शिवला नाही?" आप्पांनी एक टार्ट उचलून त्यात चमचा घातला. टक्! त्यांनी सारणाखालून एक दाणा उकरून काढला. मग दुसरा. मग तिसरा.

राजमा! दगडासारखा भाजलेला! सारण भरण्याआधी तो काढायचा असतो आणि मी त्या डोळ्याच्या धाकाने तसाच आत ठेवला होता. बाराही टार्टमध्ये!

आप्पा हसायला लागले. वर्षभरानंतर पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता त्यांनी चमच्याने वरचं सारण खाल्लं. मग दुसऱ्या टार्टचं. तिसऱ्याचंही. मला हुंदकाच आला.

"अगं, मोदकांचं तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं," ते म्हणाले. "तू ऑर्डर दिलीस, की त्या काकू तिलाच फोन करायच्या. गूळ किती घालू, म्हणून."

मी पदराला नाक पुसत उभी राहिले.

आप्पांनी चमचा चाटून पुसून बशीत ठेवला. "सारण मात्र फक्कड झालंय हो," ते म्हणाले. "हे कुणाकडून मागवलंस?"