गाजर खाऊन अडवलेली सोयरीक

माझ्या गालावर डाग आहेत हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं. तोवर आरशात मी फक्त मिशा बघायचो.

झालं असं, की मुलीला बघायला मंठ्याहून मुलगा आल्ता. याआधीची तीन स्थळं तिने चहा निवायच्या आत नाकारली होती. या वेळी पाहुणे गेल्यावर ती स्वतःहून म्हणाली, "मला चालतंय." त्या दिवशीचा फोटो तिकडच्या नातेवाइकांत फिरला आणि कुणीतरी विचारलं, "मुलीच्या वडलांच्या तोंडावर काय हाय?" सोयरिकीत कातडीबद्दल कोणी विचारलं, की ते नुसतं विचारणं नसतं.

डाग उन्हाचे होते. हातांवर होतेच, आता गालावर आले होते. बियाण्याच्या कंपनीतली नोकरी. दिवसभर शेतात कपाशीची फुलं तपासायची आणि मोटारसायकलवर एमआयडीसीत परत यायचं. टोपीने केस जातात असा माझा समज होता, म्हणून टोपी कधी घातली नाही. केस तरीही गेले.

डॉक्टरकडे गेलो असतो तर प्रश्न मिटला असता, म्हणून गेलो नाही. मोबाइल उघडला. एक गोरीपान बाई सांगत होती, की गाजर, पपई, लाल भोपळा खाल्ला की वयाचे डाग येतच नाहीत. आलेल्यांचं काय करायचं, हे ती बोलली नाही. मीही तिला अडचणीत आणलं नाही. लग्नाची तारीख काढायच्या बैठकीला महिना होता आणि बाजारात गाजरांचे ढीग होते. सकाळी उपाशीपोटी गाजराचा रस, दुपारी डब्यात भोपळा, संध्याकाळी पपई, मधे भूक लागलीच तर पुन्हा गाजर.

बायको म्हणाली, "अहो, दावणीलाच बांधू का तुम्हाला?"

वीसेक दिवसांनी तळहात पिवळे झाले. मला वाटलं, गुण येऊन राह्यला. डाग होते तिथेच होते, पण मी म्हणालो, तेज आधी येत असेल, डाग मागून जात असतील.

बैठकीच्या दिवशी मुलाचे वडील आणि आत्या आले. मी मोठ्या अदबीने पोह्यांची प्लेट पुढे केली. वडलांनी ती घेतलीच नाही. माझा तळहात बघत राहिले.

"पाव्हणं, कावीळ झाली का?"

"न्हाई, न्हाई."

"मंग पिता का काही?"

"थेंबसुद्धा न्हाई."

पिणारासुद्धा हेच सांगतो, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. खरं सांगायचं तर गाजर सांगावं लागणार, आणि या वयात तोंड उजळायला गाजरं खातो हे व्याह्यापुढे कसं बोलायचं? मी म्हणालो, "सकाळी हळद कांडली."

आत बायकोने भांडं आपटलं. घरात हळद पाकिटातून येते.

आत्या म्हणजे दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर. त्यांनी माझा हात ओढला आणि हुंगला. "हळदीचा वास न्हाई येत, दादा."

मुलाच्या वडलांनी घड्याळ बघितलं. सोयरीक अशीच मोडते, मोडत कोणीच नाही, सगळे नुसते घड्याळाकडे बघतात. दारात मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहावर साय धरली होती, तरी ती पुढे येईना. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, रस, भोपळा, डाग दिसू नयेत म्हणून केलेला सगळा उपद्व्याप.

आत्यांनी माझी पापणी खाली ओढली. "डोळे पांढरे हायेत. कावीळ न्हाई. गाजरानं होतं असं. बंद करा, दीड-दोन महिन्यात उतरंल." मग गालाकडे बघून म्हणाल्या, "आन हे डाग उन्हानं आले. गाजर खाऊन कसे जातील?"

मुलाचे वडील हसले, पण अर्धेच. "उतरू द्या मंग. तारीख नंतर बघू."

आमच्याकडे "नंतर बघू" म्हणजे काय, ते सांगायला लागत नाही. मुलीने ट्रे आत नेला. त्या दिवसापासून ती माझ्याशी दिवसातून एकदाच बोलायची. सकाळी गॅलरीत बोलवायची, "हात दाखवा." मी दाखवायचो. "अजून हाय," म्हणून निघून जायची. बिलकुल रागवायची नाही, हे जास्त वाईट होतं. घरात गाजराचं नावसुद्धा काढायची माझी हिंमत नव्हती.

सातव्या आठवड्यात एका सकाळी तिने हात धरून ठेवला, उन्हात वळवून बघितला आणि मोबाइल काढला. मी दोन्ही हात पुढे केले.

"एकच द्या. आन उलटा करू नका, पप्पा. मागं डाग हायेत."

फोटो आत्यांना गेला. आम्ही दोघं मोबाइलकडे बघत उभे राहिलो, बायको हातातली पोळी तशीच घेऊन मागे येऊन थांबली. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "रविवारी येतो. तारीख काढून टाकू."

मुलगी हसली. सात आठवड्यांत पहिल्यांदा.