भावजींचा लाल रंग

मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत कुणी गाडी रंगवायला काढली की थिनरचा वास येतो आणि मला भावजी आठवतात. माझ्या बहिणीचे हे यजमान म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले सर्वज्ञ. आमच्या वडिलांची, अण्णांची, जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायचं त्यांनीच परस्पर ठरवलं. "या वयात त्यांना काय करायचीय?" म्हणे. अण्णा रोज संध्याकाळी ती वाजवायचे, हे त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

जुन्या गिटारींचा एक पारखी घरी येणार होता. त्याआधी भावजींनी यशवंतपूरच्या गॅरेजात नेऊन गिटारीला स्कूटरसारखा लालभडक रंग मारून आणला. अण्णांचा हात टेकून टेकून झिजलेली जागा, रंगाच्या बारीक चिरा, सगळं गडप. "आता बघा किंमत!"

पारख्याने गिटार मांडीवर घेऊन आधी तिचा वास घेतला. मग तारा सैल करून पुढची प्लेट उघडली. खाली तळहाताएवढा जुना मोतिया रंग शाबूत होता. तो त्याकडे बघत राहिला, मग भावजींकडे.

"अहो, किंमत या रंगाला होती. तीच तुम्ही घालवलीत. मला नको ही."

"स्वल्प पॉलिश केलं तर?" भावजी म्हणाले.

तेव्हा मी लाजेने मेले होते. आज वाटतं, या दीडशहाण्याने जन्मात एवढंच एक काम धड केलं, तेही चुकून.

पारखी गेल्यावर अण्णांनी प्लेट बसवली, तारा जुळवल्या.

"सरी, ठीक झालं," ते म्हणाले, "आता ही फक्त वाजवायच्याच लायकीची उरली."