रेडिएटरमधली हळद

फौजी आधी बॉनेट उघडतच नसत. गाडी कितीही वाफा सोडत येवो, मालकाला स्टुलावर बसवून चौकशी सुरू. "कवा तापती? चढाला, का उभ्या उभ्या?" उभ्या उभ्या तापत असेल तर पंखा बघायचा, चढाला तापत असेल तर पाण्याचा पंप नाहीतर रेडिएटर. लष्करात वीसेक वर्षं गाड्या दुरुस्त करून आलेले फौजी रहिमतपुरात निम्मं निदान पान्याला हात न लावता करत. म्हणत, "इंजान मुकं हाय, सर. त्येच्या वतीनं तुमी बोलायचं."

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे बोलण्यात कमी नाही. गाडीतला मात्र हॉर्न तेवढा कळतो.

काढलेला प्रत्येक नट ते खाकी फडक्यावर ओळीनं मांडत. काम झाल्यावर फडकं रिकामं दिसलं पाहिजे. "एक नट मागं ऱ्हायला म्हंजे एक जवान मागं ऱ्हायला," म्हणत. एकदा मी त्यातलाच एक नट चाळा म्हणून खिशात घालून घरी गेलो. ते सायकल हाणत माझ्या दारात! शिवी दिली नाही. नुसता तळहात पुढे केला.

त्यांचा मुलगा पुण्यात एका शोरूमला होता. आला की मागं लागे, "आबा, बास करा आता. तुमचं वय झालं." एकदा फौजींनी माझ्यादेखत सुनावलं, "ज्या दिशी फॉल्ट घावणार न्हाई, त्या दिशी मीच शटर वढीन. तवर गप ऱ्हा."

मग मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि रेडिएटरची जाळी तारेनं साफ केली. जाळीला भोक पडलं. सांगलीचा माझा मेहुणा हळदीचा व्यापारी. फोनवर म्हणाला, "दाजी, चिमूटभर हळद टाका, बुजतंय बघा." मी चांगल्या तीन मुठी टाकल्या. भोक बुजलं. आतल्या नळ्याही बुजल्या. वर्धनगडच्या घाटात गाडीनं वाफ सोडली.

"जाळीला टोकदार काय लावू नका" असं फौजींनी बजावलेलं होतं. म्हणून मी पिवळं पाणी सोडून दिलं, हिरवं कूलंट भरलं आणि स्टुलावर जाऊन बसलो.

"पाण्यात काय टाकलं न्हाई न्हवं?"

"कूलंट फक्त."

"जाळीला तार-बिर?"

"फौजी, मी काय खुळा आहे?"

रेडिएटर चारच महिन्यांपूर्वी त्यांनीच नवा बसवलेला. त्याच्यावर संशय कशाला घेतील? त्यांनी थर्मोस्टॅट बदलला. घाटात काटा लाल. पंप बदलला. काटा पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेला मुलगा दारात उभा होता. "घावलं का, आबा?" फौजी नुसते हात पुसत राहिले. पुसून झालेलेच हात.

बोलायची वेळ तीच होती. मी तोंड उघडलंसुद्धा. म्हणालो, "दुसरीकडे दाखवून बघू का?"

दुसऱ्या आठवड्यात शटर खाली होतं. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला होता.

सांगलीच्या मिस्त्रीनं रेडिएटर उघडला तर आत पिवळा गाळ. "सायेब, हितं भाजी शिजवत हुता का वं?" म्हणून तो हसला. मीही हसलो. मला कुठेही हसता येतं.

दोन महिन्यांनी पुण्यात त्यांच्या फ्लॅटवर गेलो. मुलगा कामावर होता. तार, हळद, कूलंट, सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "पोराला सांगू नका, सर. बाप म्हातारा झाला म्हणून फॉल्ट घावला न्हाई, असं त्येला वाटतंय. तसंच ऱ्हाऊ द्या. तुमच्यावर इस्वास ठिवला म्हणून घावला न्हाई, हे कळलं तर लय वाईट दिसंल."

संध्याकाळी मुलगा मला एसटी स्टँडवर सोडायला आला. वाटेत म्हणाला, "शेवटी शेवटी आबांना जमतच नव्हतं. नाही का, सर?"

"वय झालं की व्हायचंच," मी म्हणालो.